पोच्याची किंमत करणारा माणूस

परवा आमच्या, म्हणजे कीबोर्डच्या नादी लागलेल्यांच्या, ठकठक मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेणच्या एका सभासदाने कीबोर्डचा फोटो टाकला. कडेला चीर गेलेली, वरच्या ओळीतलं एक बटण पडलेल्या दातासारखं गायब. खाली प्रश्न होता, "विकायचा आहे. किती येतील?"

आमचा ग्रुप म्हणजे होड्या बंदराला लागल्यावर जो कालवा होतो, तो. साध्या 'सुप्रभात'वर तिथे दोन पक्ष पडतात आणि तिसरा पक्ष ग्रुप सोडून जातो. पण या प्रश्नावर सगळे गप्प. वाचलं सगळ्यांनी, बोललं कुणी नाही. कारण मोडक्या कीबोर्डची किंमत करणारा माणूस उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर एकच झाला, आणि तो बाळाराम घरत गेल्या दिवाळीच्या आधी वारला. खुर्चीत बसल्या बसल्या गेला, असं सांगतात. मला हे पटलेलं नाही. बाळाराम बसला कधी होता?

एका जागी ठरेल तर शपथ. जेवायचा तो ताट हातात घेऊन, ओटीवरून मागल्या दारी आणि मागल्या दारातून परत ओटीवर. सुरेखावहिनी भाताचं पातेलं घेऊन मागून फिरायच्या. आमटी वाढायची तर त्याला कोपऱ्यात गाठावं लागे. त्याचे केस कापायचे म्हणजे न्हाव्याची वरात निघायची. एकदा उजवी बाजू दुकानात कापून झाली आणि डावी एस.टी. स्टँडवर, हे मी स्वतः पाहिलं आहे. स्टँडवर कंडक्टरने त्या दोघांना "कुठे जायचं?" असंही विचारलं होतं. चपला त्याच्या महिन्याच्या महिन्याला झिजत, आणि उरणच्या एका चप्पलवाल्याने त्यावर वरचा मजला चढवला, असं लोक म्हणतात. लोकांनी हे माझ्याकडूनच ऐकलं, ही गोष्ट वेगळी.

नोकरीही त्याला अशीच फिरती मिळाली होती. बंदराजवळच्या एका यार्डात तो कंटेनर तपासायचा. रिकामा कंटेनर आला, की भोवती फेरी मारायची, कुठे पोचा आहे, कुठे भोक, कुठे गंज ते हुडकायचं आणि खडूने त्याभोवती गोल काढायचा. त्या गोलांवरून नुकसान कुणाच्या माथी मारायचं ते ठरे. मी शेजारच्या केबिनमध्ये गेटपास बनवत असे. मूळचा मी माणगावकडचा; उरणात पंधरा वर्षं काढली तरी बाळाराम मला शेवटपर्यंत 'पाव्हनं' म्हणायचा.

खडू त्याच्या खिशात कायम. यार्डातून निघाला तरी हात थांबत नसे. माझ्या स्कूटरवर गोल, देवळाच्या घंटेवर गोल, लग्नघरी पंगतीला मांडलेल्या पातेल्यांवर गोल. मुलगी बघायला गेला तेव्हा सासऱ्याच्या कपाटावर त्याने गोल काढला आणि मुलगी बाहेर यायच्या आत सांगितलं, "मामा, याला खालून गंज हाय." सासरा म्हणाला, पोरगं खोटं बोलणारं नाही, द्या मुलगी. मेव्हण्याने नवी गाडी घेतली तेव्हा तर कमाल झाली. गाडी शोरूममधून निघून दोन तास झालेले, पूजेचा नारळ अजून फुटायचा होता, आणि बाळारामने मागच्या दारावर चार गोल काढले. मेव्हणा पुढचे सहा महिने बोलला नाही. मग शोरूमवाल्याकडून दार बदलून घेतलं आणि बोलायला लागला.

आता कीबोर्डचं. ज्यांना हा नाद माहीत नाही त्यांनी थोडा धीर धरावा. हा तुमच्या ऑफिसातला कीबोर्ड नव्हे, जो बिघडला की शिपाई दुसरा आणून देतो. हा हौशी माणसाने एकेक भाग जमवून केलेला असतो. अ‍ॅल्युमिनियमची पेटी, तिच्या पोटात पितळेची लादी, प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच आणि त्या स्विचच्या आत बारीक ब्रशने लावलेलं ग्रीस. पैसे आधी भरायचे आणि वर्ष-दीड वर्ष वाट बघायची. तेवढ्यात माणसाचं लग्न ठरून मोडतं. आणि हे सगळं कशासाठी? तर बटण दाबल्यावर आवाज कसा यावा यासाठी. कुणाला भिजलेल्या लाकडावर टिचकी मारल्यासारखा हवा, कुणाला दगडी पाट्यावर सुपारी पडल्यासारखा.

हा नाद बाळारामला कसा लागला ते त्याने मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा वेगळं. एकदा जहाजावरच्या परदेशी अधिकाऱ्याने भेट दिली म्हणून, एकदा भंगारात सापडला म्हणून, आणि एकदा, "पाव्हनं, चालता चालता वाजवता येनारी ही येकच पेटी हाय." मला तिसरं खरं वाटतं. गळ्यात पट्टा अडकवून तो कीबोर्ड पोटावर घ्यायचा आणि अंगणात येरझाऱ्या घालत वाजवायचा. गल्लीतली कुत्री आधी भुंकली, मग ताल धरायला शिकली.

नवा कीबोर्ड कुणीही विकेल. खरी मारामारी जुन्याची, आणि त्यातून पोचा पडलेल्याची, चहा सांडलेल्याची, खाऱ्या हवेने रंग उडालेल्याची. आमच्याकडे हवाच अशी, की लोखंड सकाळी विकत घ्यावं आणि संध्याकाळी विटकर म्हणून परत करावं. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी स्टँडजवळच्या हॉटेलच्या माडीवर आमचं मंडळ भरायचं. दारावर 'ए.सी. रूम' अशी पाटी, आत एक पंखा, आणि त्या पंख्याखाली जागा मिळावी म्हणून डॉक्टर-इंजिनियर माणसं शाळकरी पोरांसारखी ढकलाढकली करत. मोडका माल टेबलावर यायचा आणि बाळाराम टेबलाभोवती फिरत किंमत सांगायचा. त्याने सांगितली ती किंमत. घासाघीस नाही.

त्याचे नियम दोन. पोचा विकणाऱ्याने आपल्या तोंडाने आधी सांगायचा. सांगितलेल्या पोच्याचे पैसे थोडे कापले जात. लपवलेला त्याला सापडला, तर दुप्पट. आणि दुसरा, "जो किंमत करील, त्यानं घ्यायचं न्हाय." त्याने स्वतः मंडळात कधी एक बटणदेखील विकत घेतलं नव्हतं.

पनवेलचे एक दातांचे डॉक्टर होते. नाव सांगत नाही, त्यांचा दवाखाना जोरात चालू आहे. त्यांनी एकदा मखमलीत गुंडाळलेला कीबोर्ड आणला.

"डागतर, काय ते सांगून टाका," बाळाराम म्हणाला.

"काय सांगू? नव्यासारखा आहे. मी रोज पुसतो."

बाळाराम वाकला आणि नाक बटणांवरून डावीकडून उजवीकडे फिरवत गेला. "च्या सांडलाय. दुधाचा. आलं घातलेला."

"अहो, मी चहा पीतच नाही!"

"मग पेशंटानं सांडला व्हय? तुमच्या खुर्चीत 'आ' करून बसलेला मानूस च्या कसा पिल?"

माडी हसून हसून हलायला लागली. खालचा मालक वर बघायला आला की कोण नाचतंय. शेवटी डॉक्टर हळूच म्हणाले, "मिसेसनी सांडला. भांडणात."

"आता कसं! आदी बोलला असता तर भाव चांगला आला असता. भांडनाचा च्या म्हंजे सादा च्या न्हाय."

हे तो थट्टेने बोलला. पुढे ते त्याच्याच अंगावर यायचं होतं.

बाळारामचे वडील आप्पा, मिठागरावर जन्म काढलेले. चाळीस-बेचाळीस वर्षं मीठ ओढून ओढून हातांना असा खार मुरला होता, की त्यांनी नुसतं बोट बुडवलं तर कालवणात मीठ घालायची गरज पडत नसे. हे वहिनी सांगायच्या, मी नाही. आप्पांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, राहिला डावा हात आणि राग. घरातल्यांना काय हवं ते कळेना, आप्पांना सांगता येईना. मग बाळारामने आपला सगळ्यात लाडका, दीड वर्ष वाट बघून आणलेला काळा कीबोर्ड त्यांच्या खाटेशी ठेवला आणि टीव्हीला जोडला. असल्या कीबोर्डचं एक बरं असतं, कुठल्याही बटणाला काहीही शिकवता येतं. एक बटण दाबलं की टीव्हीवर वासराएवढ्या अक्षरात 'चहा'. दुसऱ्याला 'पंखा'. तिसऱ्याला काय शिकवावं हे ठरेना. बाळाराम येरझाऱ्या घालत एकेक सुचवत होता, पाणी, उशी, खिडकी, रेडिओ, आणि आप्पा नुसते डोळे वटारत होते.

तेव्हा वहिनी चुलीपासून ओरडल्या, "अवो, त्यांना तुमाला काय सांगायचं असतंय दिवसभर? 'गप बस.' तेच घाला!"

आप्पांचा चेहरा, जेवढा हलत होता तेवढा, उजळला.

त्या दिवसापासून त्या घरात बापलेकांचं संभाषण सुरू झालं, आधी कधी झालं नव्हतं तसं. "बाबा, पंखा तीनवर करू का चारवर? चारवर गार व्हईल. तीनवर केला तर..." टक! टीव्हीवर 'गप बस'. "बाबा, आज यार्डात येक कंटेनर आला, त्याला यवरा मोटा पोचा..." टक! 'गप बस'. आणि नवल सांगतो, बाळाराम गप बसायचा. क्षणभर का होईना, खाटेच्या कडेला टेकायचा. जगात तेवढ्या एका बटणाचं तो ऐकत असे. दोन-तीन महिन्यांत ते तिसरं बटण असं गुळगुळीत झालं, की त्यात बघून भांग पाडावा.

डॉक्टरांनी साखर बंद केली त्या दिवशी आप्पांनी 'चहा' दाबला. बिनसाखरेचा चहा आला. घोट घेतला, परत दाबला. तसलाच आला. तिसऱ्यांदा तसलाच आला तेव्हा त्यांनी उशाची काठी डाव्या हाताने उचलली आणि कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यावर अशी हाणली, की अ‍ॅल्युमिनियम आत गेलं आणि टीव्हीवर एकदम 'चहा पंखा गप बस' असं सगळंच आलं. बाळाराम दारातून धावत आला, वाकला, पोचा बघितला आणि काय केलं असेल? खिशातून खडू काढून त्याभोवती गोल काढला. आप्पा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण आवाज करून हसले. झटक्यानंतर त्यांच्या घशातून आवाज निघाला तो तेवढाच.

महिन्याभरात आप्पा गेले.

खाट काढली, काठी कुणीतरी नेली. कीबोर्ड तिथेच राहिला. येता जाता बाळारामची नजर तिकडे जायची आणि पाय आणखी जोरात चालायचे. आधी घर ते अंगण होतं, आता घर ते मोरा बंदर झालं. दिवसातून दोनदा उगाचच जाऊन यायचा. तेराव्यानंतर लगेचच कुणाला न विचारता त्याने कीबोर्ड ग्रुपवर विकायला काढला. मजकूर त्याचाच: "विकणे आहे. उजव्या कोपऱ्यात पोचा, काठीचा. मारणाऱ्याचा राग खरा होता. तीन बटणं गुळगुळीत, पैकी एक जास्त. घासणारा माणूस आता नाही. बाकी ठीक."

तेच दातवाले डॉक्टर त्याच दुपारी गाडी घेऊन आले आणि घेऊन गेले.

पंधरा दिवसांत बाळाराम डॉक्टरांच्या दारात उभा राहिला. परत द्या म्हणाला. डॉक्टर ओशाळले. बाळारामचाच मजकूर जसाच्या तसा टाकून त्यांनी कीबोर्ड अलिबागच्या एका आर्किटेक्टला विकला होता, नफ्याने. बाळाराम तसाच अलिबागला. आर्किटेक्टने तो काचेच्या कपाटात ठेवला होता, वर दिवा सोडलेला. "पोचा बघितलात?" तो बाळारामलाच सांगायला लागला. "काठीचा आहे. मारणाऱ्याचा राग खरा होता." बाळाराम भाव ऐकून बाहेर आला आणि अलिबागच्या किनाऱ्यावर इतक्या येरझाऱ्या घातल्या, की ओहोटी त्याच्या पायवाटेला वळसा घालून गेली.

पुढच्या वर्षात तो कीबोर्ड हातोहात फिरला आणि दर हाताला भाव चढतच गेला. चांगला कीबोर्ड पडला तर निम्म्याने उतरतो. याला काठी बसली आणि हा दुप्पट झाला, मग तिप्पट. शेवटी एका दुभत्या म्हशीच्या वर गेला. आणि बाळाराम पैसे साठवायचा ते दर वेळी मागच्या मालकाच्या भावाने. स्वतःच्याच शब्दांच्या मागे तो धावत होता, आणि शब्द त्याच्यापेक्षा जोरात पळत होते.

लोकांना तर वेडच लागलं. मंडळात पोचेवाले कीबोर्ड यायला लागले, एकेक गोष्ट घेऊन. एकाने नवाकोरा बोर्ड आणला, कडेला खोलगट खूण. "सासूबाईंनी लाटणं मारलं," तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला.

बाळारामने बोट फिरवलं. "हातोडी हाय ही. लाटन्याचा पोचा लांबट येतो. आन सासू येकदाच मारून थांबत न्हाय."

माणूस पुन्हा मंडळात दिसला नाही. सासूबाई मात्र एकदा चौकशीला आल्या होत्या.

याच दिवसांत वहिनी मला गाठून म्हणाल्या, "भावजी, तो डब्बा आना हो कसा पन परत. तुमाला काय सांगू, ह्यांचं जेवान आता शेजारच्या आळीपर्यंत जातंय. मी सांगून ऐकत न्हाईत, डागतर सांगून न्हाईत. त्यांना गप करनारा येकच व्हता, आन तो यांनी इकला." हसत बोलल्या, पण पदर डोळ्याला लावला.

अशात कीबोर्ड म्हसळ्याच्या अश्रफकडे गेला. अश्रफ कुवेतला नोकरीला, सुट्टीवर येऊन जाऊन असणारा, सज्जन माणूस. त्याला परत जायचं होतं, म्हणून त्याने ग्रुपवर कळवलं: रविवारी उरणला आणतो, बाळारामदादा किंमत करतील, जो ती देईल त्याचा. बाळारामने मला ते माझ्या केबिनभोवती फेऱ्या मारत वाचून दाखवलं. साठवलेले पैसे होते. दुसरं कुणी चढवलं नाही तर कदाचित पुरले असते. पण किंमत करायची त्यानेच, आणि किंमत करणाऱ्याने घ्यायचं नाही.

"या बारीला नियम ऱ्हाऊ दे की बाजूला," मी म्हटलं.

"नियम माझाच हाय, पाव्हनं. दुसऱ्याचा असता तर मोडला असता."

त्या रविवारी माडीवर तोबा गर्दी. अश्रफने रुमालातून कीबोर्ड काढून टेबलावर ठेवला. काळा, कोपरा आत गेलेला, तीन बटणं चमकत असलेली. बाळाराम टेबलाभोवती फिरायला लागला. फिरला, फिरला, खिडकीशी गेला, परत आला. अश्रफ म्हणाला, "बोला दादा."

"मी याची किंमत करनार न्हाय."

झालं! बाळारामने आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. करवंटीची सुद्धा किंमत केली असती. लोकांना वाटलं, वस्तू इतकी अमोल की दादाची जीभ धजेना. एका दमात आवाज उठले. म्हैस मागे पडली, जुनी स्कूटर आली, स्कूटरवर हेल्मेट चढलं. सगळ्यात वरचा आकडा सांगितला तो मुंबईहून सकाळच्या लाँचने आलेल्या रेवती नावाच्या मुलीने. कंपनीत कामाला होती, आणि बोलली एकदाच.

अश्रफ बाळारामकडे बघत होता. त्याच्या ध्यानात आलं. "दादा, खुदा की कसम, सच्ची बोला. ही चीज तुमालाच हवी ना? मग सरळ बोला की. तुमी द्याल ते मला चालेल. या लोकांचं ऱ्हाऊ द्या."

मला वाटलं, आता हो म्हणतोय. त्याने हातही पुढे केला. आणि त्या हाताने कीबोर्ड उचलला, कानाशी नेला आणि हलकेच हलवला. आत काहीतरी खरखरलं आणि त्याचा चेहरा पालटला. "याला कुनी उघडला व्हता का कधी?"

"न्हाय. तुमी 'बाकी ठीक' लिवलं होतं. मग कोन उघडील?"

बाळारामने खिशातून पेचकस काढला, अश्रफने मान डोलावल्यावर तळाचे स्क्रू सोडले आणि पेटी उघडली. नेमकं त्या तीन बटणांखाली, आणि तिथेच, तपकिरी गंज चढला होता. आप्पांच्या बोटांचा खार. बटणांवरून झिरपत, आतल्या लोखंडी पट्टीला खात, कोपऱ्याकडे निघालेला.

बाळारामने खडू काढला आणि गंजाभोवती गोल काढला. खडू मोडला, उरलेल्या तुकड्याने पुरा केला.

"गंज हाय," तो मोठ्याने म्हणाला. "आतून खातोय. हा माझ्याकडनं गेला तवाच व्हता. आप्पा गेल्यावर मला उघडवला न्हाय, आन न उघडताच मी 'बाकी ठीक' लिवलं. लपवलेला पोचा हाय हा, म्हंजे दुप्पट कापायचे. आता याची किंमत तुमी बोलला त्याच्या चौथाई. तेवरीच."

एवढं बोलून होतंय तोवर मागून कुणीतरी खिदळलं, "वा दादा! घ्यायचाय म्हणून पाडताय होय भाव?"

हसू पसरलं. वाईटपणाने नव्हे, पण पसरलं. ज्याच्या शब्दावर या माडीत कधी कुणी शंका घेतली नव्हती, त्याच्या सगळ्यात खऱ्या शब्दाला लोकांनी डोळा मारला. बाळारामने सगळ्यांकडे पाहिलं. डोळे मिचकावून तोही हसला असता तर त्या किमतीत तो कीबोर्ड त्याचा होता. अश्रफने रुमाल बांधून हातात दिला असता.

"अश्रफ," तो म्हणाला, "या मुंबईच्या पोरीला दे. तिला बघून घ्यायचा असंल तर."

मी त्याला जिन्यात ओढला. "अरे, देत होता ना तो तुला!"

"गंज सांगितल्यावर मी घेतला, तर तो गंज भाव पाडायला रचलेला ठरला असता."

"मग गंज सांगितलास कशाला?"

"व्हता म्हनून."

वर रेवतीने पेटीत डोकं घातलं होतं. हसणाऱ्यांत ती नव्हती. "काका," तिने बाळारामला विचारलं, "हा गंज वाढणार का?"

"पावसाळ्यात सगला खाऊन टाकील."

"थांबवता येतो?"

बाळारामने तिच्याकडे नीट पाहिलं. "येतो. स्पिरिट लागतं. आन धीर."

तिने कबूल केली तीच किंमत दिली, चौथाई नाही. अश्रफने निम्मी परत द्यायचा हट्ट धरला, ती घेईना. मग त्या पैशांत मंडळाला जेवण झालं आणि भाव पाडायचा आरोप करणाराच सगळ्यात जास्त जेवला. बाळाराम जेवला नाही. तो रेवतीला मोऱ्याला पोचवायला निघाला. मी स्कूटर ढकलत मागून.

वाटेवर त्याचं तोंड चालू ते चालूच. "स्पिरिट कापसाला लावायचं, वतायचं न्हाय. उन्हात वाळवायचा न्हाय, सावलीत. घासायचं ते गोल न्हाय, येकाच दिशेनं. आन हे बघ बाय, या तीन बटनांच्या वरनं बोट फिरवू नको. आतनं कर सगलं, वरनं न्हाय." मध्येच टपरीवर थांबून त्याने एक नवा टूथब्रश घेतला. तिने सगळं ऐकलं, मान डोलावली, लाँचवर चढली.

दुसऱ्या दिवशी मला बदली होऊन कंपनीच्या म्हसळ्याच्या कामावर हजर व्हायचं होतं, आणि त्यानंतर उरणला येणं झालं ते थेट त्याच्या दिवसकार्यालाच. म्हणून मला बाळाराम आठवतो तो असा.

लाँच सुटली होती. खलाशाने दोर ओढून घेतला होता. बाळाराम धक्क्यावरून ओरडत होता, "पट्टी काढताना डाव्या बाजूनं! डाव्या!" इंजिनाच्या आवाजात रेवतीने कानाला हात लावला. "काय काका?"

"डाव्या!"

"ऐकू येत नाही!"

मग मधलं पाणी वाढत असताना, पन्नाशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप असलेला तो माणूस मागे सरला आणि त्याने उडी मारली. बंदरावरच्या लोकांनी अंतर पाच हात सांगितलं; मी त्या दिवसापासून पंधरा सांगतो. खलाशी शिव्या देत त्याच्या अंगावर आला. तिकीट नाही, पाकीट घरी, फोन माझ्या स्कूटरच्या डिकीत. आणि तो फोन वाजत होता. वहिनी.

"भावजी, हे कुठं हायेत? भात वाढून ठेवलाय."

"मुंबईला चाललेत."

"आँ? कशाला?"

मी समोर बघितलं. लाँच जराशी लांब गेली होती. रेवतीने पेटी मांडीवर उघडून धरली होती, बाळाराम तिच्या पुढ्यात वाकला होता. "बाळाराम!" मी सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा ओरडलो. "परत कधी येणार?" त्याने मान वर केली नाही. यार्डात मागून येणाऱ्या ट्रेलरला थांबवावं तसा एक हात नुसता मागे केला. त्या हातात तो टूथब्रश होता.